शिणाणे मे महिन्यात निघतात, गिऱ्हाईक आषाढात शोधते: खाडीतल्या शेतीचा माल कसा विकावा?

खाडीकाठ

नमस्कार. देवगड तालुक्यातल्या एका खाडीत आमच्या दहा बायकांच्या बचतगटाची शिणाण्यांची, म्हणजे हिरव्या शिंपल्यांची, शेती आहे, आणि थोडी कालवेही आहेत. पावसाळा सरला की आम्ही खडकांवरचे बारीक बी खरवडून आणतो आणि जाड दोरीभोवती सुती जाळीत गुंडाळून बांबूच्या तराफ्याला टांगतो. जाळी पाण्यात कुजून जाते, तोवर शिणाण्यांनी आपल्या धाग्यांनी दोर घट्ट धरलेला असतो. पाच-सहा महिन्यांत माल बोटाएवढा होतो आणि एप्रिल-मे महिन्यांत काढणी येते.

अडचण इथूनच सुरू होते. पहिला मोठा पाऊस झाला की खाडीत गोडे पाणी उतरते, पाण्याचा खारटपणा एकदम घटतो आणि शिणाणे दोरावरच मरतात. त्यामुळे जूनच्या आत दोर उचलण्यावाचून गत्यंतर नसते. आजूबाजूच्या सगळ्या गटांची हीच स्थिती असल्यामुळे माल एकाच पंधरवड्यात बाहेर पडतो, आणि घेणाऱ्या व्यापाऱ्याला ठाऊक असते की या बायका माल परत पाण्यात ठेवू शकणार नाहीत. भाव तोच ठरवतो.

यावर उपाय म्हणून गेल्या वर्षी आम्ही शिणाण्यांचे लोणचे घातले. चव सर्वांना आवडली, परंतु चाळीस बरण्यांपैकी नऊ बरण्यांची झाकणे तीन आठवड्यांत फुगली आणि आम्ही सगळ्याच बरण्या परत मागवून टाकून दिल्या. चूक आमचीच होती. आम्ही घरच्या अंदाजाने मीठ आणि लिंबू घातले होते. पैशांपेक्षा मनाला जास्त लागले ते हे की ज्यांनी विश्वासाने घेतले त्यांना फोन करून "खाऊ नका" असे सांगावे लागले.

आता पुन्हा उभे राहायचे आहे. लोणचेच करावे, मसाला लावून तयार पाकिटे करावीत, की आणखी काही? आणि मुंबई-पुण्याच्या घरांपर्यंत हा माल पोहोचवायचा कसा? अनुभव असलेल्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

माहीमकर

ताई, मी विकणारी नाही, विकत घेणारी आहे, म्हणून माझ्या बाजूने लिहिते.

आमच्या घरी तिसऱ्या, मुळे, कालवे, शिणाणे असे सगळे शिंपले आवडीने खातात. तरीही मी ते वर्षातून दोन-तीनदाच आणते, आणि त्याचे कारण भाव नव्हे. नोकरीवरून आल्यावर शिंपल्या धुणे, वाळू काढणे, एकेक उघडणे हे मला जमत नाही. माझ्या सासूबाई पाटावर बसून विळीवर एकेक तिसरी उघडून एकशिपी, म्हणजे एकाच शिंपेवर मांस ठेवून केलेला रस्सा, करत असत. तो तासाभराचा बसून करायचा उद्योग होता. आज माझ्याजवळ तो तास नाही, पण जीभ तीच आहे. तुम्ही मला तो तास विकावा.

मसाला मात्र लावू नका, ही कळकळीची विनंती. ज्या घरात मासे खातात त्या घरात मसाल्यावर तडजोड होत नाही. माझ्या घरी मालवणी वाटप लागते, समोरच्या सीकेपी कुटुंबात वेगळे, खालच्या मजल्यावरच्या सारस्वत मावशींना तिरफळ हवे असते, आणि कोळीवाड्यातल्या माझ्या मैत्रिणीचा मसाला तर वर्षाचा एकदम कुटलेला असतो. तुम्ही एक मसाला लावलात की यांतली तीन घरे कमी झाली असे समजा. स्वच्छ, सोललेले, वाळू नसलेले मांस चार माणसांना पुरेल इतक्या अर्ध्या किलोच्या पाकिटात द्या, बाकीचे आम्ही पाहून घेऊ.

आणखी एक सांगते. आमच्याकडे मासे बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी होतात. सोमवार, गुरुवार, शनिवार बहुतेक घरांत वर्ज्य असतात. त्यात संकष्टी आणि एकादशी मिळवा. पार्सल मंगळवारी संध्याकाळी किंवा शुक्रवारी आले तर ते त्याच आठवड्यात संपेल. रविवारी रात्री आले तर फ्रीझरच्या तळाशी जाऊन विसरले जाईल.

मत्स्यतंत्र

माझे शिक्षण रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात झाले आणि पुढची काही वर्षे प्रक्रिया उद्योगात गेली. माहीमकरताईंचे म्हणणे मला पूर्ण पटते, पण ते अमलात आणण्यापूर्वी काही गोष्टी सुधाराव्या लागतील. त्या क्रमाने लिहितो.

शिणाणे, कालवे, तिसऱ्या हे सगळे जीव पाणी गाळून खातात. त्यामुळे पाण्यात जे असेल, वाळू असो वा सांडपाण्यातले जंतू, ते त्यांच्या पोटात साठते. काढणीनंतर त्यांना स्वच्छ, निर्जंतुक केलेल्या समुद्राच्या पाण्यात २४ ते ४८ तास ठेवले की ते आपोआप पोट रिकामे करतात. हे पाणी वाहते हवे आणि माल तळावर न टाकता जाळीच्या क्रेटमध्ये तळापासून वर ठेवावा, नाहीतर टाकलेली घाण ते पुन्हा ओढून घेतात. युरोपात शिंपले थेट खाण्यायोग्य ठरवताना शंभर ग्रॅम मांसामागे ई. कोलाय जंतूंची २३० ही मर्यादा पाळतात. आपल्या खाडीच्या मालाचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून तो अहवाल ग्राहकाला दाखवता आला, तर विक्रीसाठी त्याहून मोठी शिफारस नाही.

या शुद्धीकरणाने जंतू बरेच कमी होतात, पण शैवालातून येणारे विष जात नाही आणि ते शिजवूनही नष्ट होत नाही. १९९७ साली केरळात विझिंजमला शिंपले खाऊन माणसे दगावली होती. पाण्याचा रंग अचानक तांबूस किंवा तपकिरी झालेला दिसला तर त्या दिवसांत काढणी करूच नये, मग ग्राहक कितीही ताटकळला तरी चालेल.

आता बरण्यांविषयी. लोणचे टिकते ते आंबटपणामुळे, आणि तो आंबटपणा जिभेने मोजता येत नाही. सामू (पीएच) ४.६ च्या खाली, आणि सुरक्षिततेसाठी त्याहूनही बराच खाली, ठेवावा लागतो. लिंबू प्रत्येक वेळी सारखे आंबट नसते. व्हिनेगर ठरावीक तीव्रतेचे मिळते, म्हणून कारखानदार तेच वापरतात. मांस आतपर्यंत आंबट व्हायला वेळ लागतो, हेही लक्षात घ्यावे: रस्सा मोजला तर सामू योग्य दिसतो आणि तुकड्याच्या मध्यात तो वरच असतो. तुमची झाकणे फुगली ती बहुधा याच कारणाने. प्रत्येक घाण्यातला तुकडा वाटून, साध्या सामू-मापकाने मोजून वहीत नोंद केल्याशिवाय लोणचे बाजारात आणू नये. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने मासे आणि शिंपल्यांच्या लोणच्याच्या पद्धती बसवलेल्या आहेत, आणि त्यांचे प्रशिक्षणही असते.

गोठवलेल्या मांसाची कृती तुलनेने सरळ आहे. जिवंत माल घ्यावा. ज्याचे कवच उघडे आहे आणि टिचकी मारूनही मिटत नाही तो टाकून द्यावा. वाफ द्यावी, कवच उघडले की लगेच मांस काढावे, धाग्यांचा झुबका ओढून काढावा, बर्फाच्या पाण्यात गार करावे, निथळावे आणि पाकिटे दोन सेंटिमीटरहून जाड न करता सपाट भरावीत. पाकीट जाड झाले की मध्यभाग गोठायला फार वेळ लागतो, बर्फाचे स्फटिक मोठे होतात, आणि ग्राहकाने पाकीट उघडल्यावर वाटीभर पाणी सुटून मांस रबरासारखे लागते. आइस्क्रीम ठेवण्याचा डीप फ्रीझर साठवणीला चालतो, गोठवायला नाही. गोठवण्यासाठी उणे ३५ अंशांच्या आसपासचा जोरदार गार वारा लागतो. रत्नागिरीत मासळी प्रक्रियेचे कारखाने आहेत. अशा ठिकाणी भाड्याने काम करून मिळते का, याची चौकशी आधी करावी. आंब्याच्या रसाचे कारखानेही त्याच महिन्यांत गर्दीत असतात, म्हणून शीतगृहातली जागा मार्चमध्येच बोलून ठेवावी. उणे १८ अंशांना हे मांस तीन-चार महिने उत्तम राहते.

हवा काढलेले पाकीट वापरणार असाल तर त्यावर ठळक लिहावे की विरघळवण्यापूर्वी पाकिटाला चीर द्यावी आणि फ्रिजमध्ये विरघळवावे. हवा नसलेल्या पाकिटात एक विशिष्ट घातक जंतू ३.३ अंशांच्या वर, म्हणजे साध्या फ्रिजमध्येही, वाढू शकतो.

खाडीकाठ

मत्स्यतंत्र, तुम्ही मनापासून लिहिलेत, आभारी आहे. रस्सा आंबट आणि तुकडा आतून कोरा, हे वाचल्यावर गेल्या वर्षीचा सगळा प्रकार डोळ्यांसमोर आला. आम्ही रस्साच चाखत होतो.

एक शंका आहे. वाफवून सोलल्यावर मांस किती उरते? आम्ही आजवर कवचासकटच वजनावर विकत आलो आहोत.

मत्स्यतंत्र

शिणाण्यांत जिवंत वजनाच्या चौथ्या हिश्श्यापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत मांस मिळते. ऋतू आणि आकार यांप्रमाणे फरक पडतो, आणि अंडी सोडून गेलेला माल पोकळ निघतो. कालवांत मात्र मांस अवघे ८ ते १० टक्के असते, म्हणजे शंभर किलो कालवे पुण्याला पाठवली तर नव्वद किलो कवचाचे भाडे भरले. कालवे काठावरच सोलावीत आणि कवचे पुढच्या वर्षी बी धरण्यासाठी ठेवावीत. उरलेली चुन्यासाठी जातात.

तलाववाला पालघर

माझे वेनामी या परदेशी जातीच्या कोळंबीचे तलाव आहेत. विषय शिणाण्यांचा असला तरी अनुभव उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

२००९ मध्ये आपल्याकडे वेनामीला परवानगी मिळाली आणि त्यानंतर आम्ही सगळे निर्यातदाराच्या तोंडाकडे पाहूनच शेती करू लागलो. किलोला किती नग बसतात यावर भाव ठरतो, आणि तो व्यापाऱ्याच्या फोनवर कळतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे आयातशुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले तेव्हा त्याचा फटका थेट तलावाच्या बांधापर्यंत आला. त्या वेळी मी पहिल्यांदा वसई-विरारच्या गृहसंकुलांत सोललेली, धागा काढलेली कोळंबी विकली. परिमाण थोडे होते, पण भाव माझा होता.

त्यातून शिकलेली एकच गोष्ट सांगतो. गोठवलेल्या मालावर बर्फाचा पातळ लेप देतात. तो योग्यच आहे, कारण त्यामुळे माल वाळत नाही. पण तो लेप वजनात धरून विकण्याची खोड या धंद्यात आहे, आणि काही ठिकाणी फॉस्फेटच्या पाण्यात भिजवून वजन वाढवतात. कढईत पडल्याबरोबर कोळंबी आक्रसते आणि गृहिणीला सगळे कळते. मी पाकिटावर "बर्फ वगळून निव्वळ वजन" लिहितो आणि पाच-दहा ग्रॅम जास्तच भरतो. पहिल्या वर्षीची बहुतेक घरे आजही माझ्याकडेच आहेत.

जमाखर्च

हिशेब आणि परवाने या बाजूने लिहितो.

अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाकडे नोंदणी आधी करावी. लहान उलाढालीला साधी नोंदणी पुरते, पुढे परवाना घ्यावा लागतो. मिळालेला १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापणे बंधनकारक आहे. त्याशिवाय निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, पॅकिंगची तारीख, वापरण्याची मुदत, गटाचा पत्ता, तक्रारीसाठी दूरध्वनी आणि मांसाहाराचे तपकिरी चिन्ह हवे. कोळंबी किंवा खेकडा असेल तर त्याची ॲलर्जीची सूचनाही द्यावी लागते.

ताज्या मालावर वस्तू व सेवा कर नाही. गोठवून, लेबल लावून पाकीटबंद केले की ५ टक्के लागतो. लोणच्यासारख्या तयार पदार्थांवर पूर्वी १२ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला, म्हणजे लोणचे आणि गोठवलेले मांस यांच्यातला हा फरक आता उरलेला नाही. वस्तूंच्या व्यापाऱ्याला वार्षिक ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नसते. मात्र करपात्र माल राज्याबाहेर विकला की ही सूट लागू होत नाही. देवगडहून गोवा जवळ वाटतो, पण पहिले पाकीट तिकडे पाठवण्यापूर्वी हे ध्यानात ठेवावे.

भांडवलासाठी दोन दारे आहेत. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना २०२० मध्ये आली; तिच्यात प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान कर्जाशी जोडून मिळते, आणि बचतगटातील प्रक्रिया करणाऱ्या सदस्याला ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद आहे. आपल्याकडे ती कृषी विभागामार्फत चालते. दुसरी प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना, तीही २०२० चीच. तिच्यात महिला लाभार्थींना ६० टक्क्यांपर्यंत साहाय्य आहे आणि तिचे काम मत्स्यव्यवसाय विभागाकडे असते. सध्या कोणत्या घटकासाठी अर्ज घेतले जात आहेत, हे तालुक्याला प्रत्यक्ष जाऊन विचारावे. यंत्र आधी घेऊन मग अनुदानाची वाट पाहू नये. बरेच गट तिथेच अडकतात.

मांडवीतीर

मी गोव्यात राहतो. आमच्याकडे शिणाण्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. रव्यात घोळवून तळलेले शिणाणे हा घराघरांतला पदार्थ आहे. इथल्या खानावळींना एका कवचावर मांस ठेवून गोठवलेला माल हवा असतो, कारण ताटात तो तसाच वाढतात. घरांसाठी सोललेले मांस आणि हॉटेलांसाठी अर्धे कवच, असे दोन प्रकार करावेत असे सुचवतो. आकार मात्र एकसारखा असला पाहिजे. एका ताटात लहान-मोठे शिणाणे वाढता येत नाहीत.

नावाकडेही लक्ष द्यावे. याच शिंपल्याला किनाऱ्यावर गावागणिक वेगळा शब्द आहे, आणि पुण्यातल्या माणसाला "शिणाणे" म्हणजे काय हे कळणार नाही. पाकिटावर मोठ्या अक्षरांत शिणाणे, त्याखाली "हिरवे शिंपले" आणि कवचासकट एक स्पष्ट छायाचित्र असावे.

दोहाकर

आखातात राहणाऱ्या आम्हा कोकण्यांना ही पाकिटे मिळू शकतील का? आम्ही आनंदाने घेऊ.

मत्स्यतंत्र

दादा, तूर्त नाही. निर्यातीसाठी मान्यताप्राप्त प्रक्रिया केंद्रातूनच माल जावा लागतो आणि सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाची नोंदणी लागते. दहा बायकांच्या गटाने त्या वाटेला आत्ताच जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी मुंबईची शंभर घरे पक्की होऊ द्यावीत.

माहीमकर

मघाशी लिहायचे राहिले. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा बाजारात चांगला ताजा मासा मिळत नाही. जो असतो तो बर्फातला आणि महाग. आम्ही सुकट, बोंबील आणि जवळ्यावर दिवस काढतो. त्यातच आषाढ असतो, आणि श्रावण लागण्यापूर्वी घरोघरी मनसोक्त मासे खाऊन घेतात. तुमचा माल मे महिन्यात निघतो, तीन-चार महिने टिकतो असे मत्स्यतंत्र म्हणतात. मग तो मे महिन्यातच का विकायचा?

खाडीकाठ

माहीमकरताई, तुमचे हे वाक्य मी गटाच्या बैठकीत वाचून दाखवले. क्षणभर कुणीच बोलले नाही. आम्ही इतकी वर्षे काय विकावे याचाच विचार करत होतो. कधी विकावे हे ठरवणे आपल्या हाती येऊ शकते, हे कुणाच्या मनात आले नव्हते.

आणखी एक कल्पना त्याच बैठकीत निघाली. आमच्यापैकी चौघींच्या घरी हापूसच्या बागा आहेत आणि दरवर्षी मुंबई-पुण्याला थेट पेट्या जातात. त्या गिऱ्हाइकांचे पत्ते वह्यांत आहेत. आंबा देताना "मासे खाता का?" एवढेच विचारायचे आणि हो म्हणणाऱ्यांची वेगळी यादी करायची.

जमाखर्च

उत्तम कल्पना. मात्र आगाऊ मागणी आणि निम्मे पैसे आंब्याच्या वेळीच घ्यावेत. माल दोन महिने शीतगृहात राहणार म्हणजे भांडवल दोन महिने अडकणार, आणि ज्या गटाला मजुरी रोजच्या रोज द्यावी लागते तो तिथेच कोलमडतो. निम्मा माल मे महिन्यात जिवंत विकून रोख हाती घ्यावी आणि निम्माच गोठवावा, असे मी सुचवेन.

खाडीकाठ

अडीच महिन्यांनी लिहिते आहे, क्षमस्व.

या वर्षी आम्ही निम्माही नाही, फक्त १२० किलो जिवंत माल प्रक्रियेसाठी घेतला. दोन रात्री शुद्ध पाण्यात ठेवला. तळाला बसलेला काळपट गाळ पाहून आमच्यातल्या एका आजी म्हणाल्या, "ह्या आमी इतकी वर्सा खात होतो!" वाफवून सोलल्यावर ३३ किलो मांस निघाले. हात बसेपर्यंत एका बाईला तासाला किलोभरच जमत होते, शेवटी दीड किलोवर आले. ही मजुरी आम्ही किमतीत पूर्ण धरली. जवळच्या एका प्रक्रिया केंद्रात भाड्याने गोठवून घेतले. पाकिटे झाली ६४. उरलेले मांस चाखण्यात आणि तपासणीच्या नमुन्यांत गेले. अहवाल चांगला आला आणि त्याची छोटी प्रत आम्ही प्रत्येक पाकिटासोबत दिली.

जून अखेरीस दोन खेपांत माल पाठवला. पहिली खेप रात्रीच्या खाजगी बसने थर्माकोलच्या पेटीत गेली. वाटेत बस चार तास रखडली आणि सात पाकिटे मऊ पडली. ती आम्ही विकली नाहीत, गिऱ्हाइकांना पैसे परत केले. दुसऱ्या खेपेला पेटीत माल निम्मा आणि थंडाव्याच्या गोठवलेल्या पिशव्या दुप्पट ठेवल्या. सगळी पाकिटे दगडासारखी पोहोचली. भाडे वाढले, पण आता ते किमतीत धरायचे हे कळले.

सगळा खर्च, परत केलेले पैसे आणि मजुरी वजा जाता, जिवंत विकून जे मिळाले असते त्यापेक्षा थोडे जास्तच हाती राहिले. थोडेच, पण दर आम्ही सांगितलेला होता.

माहीमकर

माझ्याकडे दुसऱ्या खेपेतली दोन पाकिटे आली. बुधवारी एक उघडले. वाळूचा एक कणही दाताखाली आला नाही. सुके केले, ओले खोबरे जरा जास्त घालून, आणि सोबत आगळाची सोलकढी. एक सूचना करते: पाकीट विरघळताना जो रस सुटतो तो टाकू नये, रश्श्यात घालावा, हे मागच्या बाजूला छापा. मी जवळजवळ ओतूनच देणार होते.

तलाववाला पालघर

ताई, पुढच्या वर्षी मुंबईची खेप एकत्र पाठवण्याचा विचार करावा. माझी कोळंबीची गोठवणी वाहने आठवड्यातून दोनदा शहरात फिरतात. तुमचा माल पालघरला येणार नाही हे खरे, पण मुंबईत एका ठिकाणी उतरवून ठेवता आला तर घरपोच देण्याचे काम मी करू शकेन.

खाडीकाठ

दादा, हे फार मोलाचे आहे. वितरणाचा दर कळवावा, म्हणजे जमाखर्च यांनी सांगितल्याप्रमाणे तो आधीच किमतीत धरता येईल. माहीमकरताई, रसाची सूचना नव्या लेबलावर घेतली आहे. श्रावण कधी जुलैअखेरीस लागतो, कधी ऑगस्टच्या मध्यावर, म्हणून पुढच्या वर्षीच्या खेपांच्या तारखा पंचांग पाहून ठरवल्या आहेत. बीसाठी खडकांवर ऑक्टोबरच्या पहिल्या मोठ्या ओहोटीला जाणार आहोत, आणि या वेळी चार दोर जास्त बांधणार आहोत.